सोडलेला हँडब्रेक

हिंगोलीहून परत येताना, आमचा तांडा दोनेक किलोमीटरवर राहिला असेल, तेव्हा मला तो वास पुन्हा आला. करपलेला, कडवट, नाकात बसून राहणारा. गाडी विकास चालवत होता, म्हणजे माझा नवरा, त्यामुळे या वेळी निदान आळ माझ्यावर येणार नव्हता. मी काच खाली केली आणि म्हटलं, वास येतोय. तो म्हणाला, कुणीतरी हळद शिजवत असेल. मार्च महिना, दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजत होती हे खरं. पण माझा जन्म याच भागातला, शिजत्या हळदीचा वास मला झोपेतही ओळखू येतो. मी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले आणि मागच्या डाव्या चाकाला हात लावला. चटका बसला.

म्हणजे तिसरा मिस्त्रीही वाया गेला. पहिल्याने हँडब्रेक इतका ढिला केला होता की त्याचा हात, म्हणजे ओढायचा दांडा, पार वरपर्यंत आला तरी गाडी उतारावर निवांत चालू लागायची. दुसऱ्याने इतका आवळला की हात खाली टाकला तरी डावं चाक धरून ठेवायचा. हा तिसरा म्हणाला, मी मधोमध करून देतो. त्याच्या मधोमधचा अर्थ असा निघाला की चढावर ब्रेक धरत नव्हता आणि सपाटीवर सोडत नव्हता. तिघांनीही एकच काम केलं होतं, हँडब्रेकच्या मुळाशी जो नट असतो तो फिरवला होता. चाक कुणीही उघडलं नव्हतं. तो दिवस मंगळवार होता आणि गुरुवारी सकाळी माझी गाडीच्या लायसनची परीक्षा होती.

ही परीक्षा माझ्यासाठी हौसेची नव्हती. मी नर्स आहे. बारा वर्षं जवळच्याच उपकेंद्रात काढली आणि आता बदली झाली सव्वीस किलोमीटरवर. हजेरी साडेआठची, आणि तिकडे जाणारी पहिली एसटी साडेनऊची. विकास हिंगोलीत बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला, त्याची दिशा उलटी. एक तर मी रोज स्वतः गाडी चालवत जायचं, नाही तर तिथे खोली करून राहायचं आणि सहा वर्षांच्या माझ्या लेकीला सासूजवळ सोडायचं. एक एप्रिलला रुजू व्हायचं होतं. माझ्या लर्निंग लायसनची मुदत शनिवारी संपत होती, आणि तेही दुसऱ्यांदा काढलेलं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी मिळाली असती, पण त्याच्या मालकाने ती गुरुवारी एका लग्नात नवरीला न्यायला दिली होती. तुमच्याकडे घरची गाडी आहे की, ती आणा, म्हणाला. परीक्षेत चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढायचा, पाय काढून घ्यायचे आणि मग मागे न घसरता वर न्यायची असते. घरच्या गाडीत नेमका तोच धड नव्हता.

आता घरच्या गाडीबद्दल सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, बाबूसिंग राठोडांनी, ती एका निवृत्त साहेबांकडून घेतली. साहेब गाडी दाखवताना म्हणाले होते, हँडब्रेकला तर मी हातसुद्धा लावलेला नाही, बघा, प्लास्टिक पण तसंच आहे. सासऱ्यांना ते इतकं भावलं की त्यांनीही तो तसाच ठेवायचा ठरवला. आमच्या घरात जी वस्तू चांगली ती वापरायची नाही, असा कायदाच आहे. माझ्या लग्नातला कुकर अजून खोक्यात आहे. दोन सोलापुरी चादरी पाहुण्यांसाठी म्हणून घडीत ठेवल्या आणि घडीवरच विरल्या. तसाच हा हँडब्रेक. आमचा तांडा माळाच्या उतारावर, तरी कुणी तो ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये टाकायची, उतरायचं आणि चाकामागे दगड लावायचा. सासऱ्यांचे आजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख फिरलेले, पुढे घरात बैलगाडी आली, आणि उतारावर उभ्या गाडीला दगड लागतो एवढं ज्ञान पिढीजात आहे. मोटारीला दगडाची सोय आत हाताशीच दिलेली असते, हे त्यांना कुणी पटवायचं?

मी एकदाच तो ओढला. गेल्या वर्षी, पहिलं लर्निंग लायसन असताना. मी आणि सासूबाई, म्हणजे नानीबाई, नरसीहून दर्शन करून परत येत होतो. विकास मोटारसायकलवर मागे होता, शेजारी बसायला तांड्यातले खेमाकाका होते, जुने ट्रॅक्टरवाले. पुलापुढच्या चढावर ट्रॅक्टर आडवा झाला आणि रांग थांबली. मला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं होतं तसं मी केलं. हँडब्रेक ओढला. रांग हलली तसा बटण दाबून हात खाली सोडला आणि निघाले. गाडी जड वाटत होती, मला वाटलं चढामुळे. चार किलोमीटरवर वास आला, मग धूर. विकासने हॉर्न वाजवत मोटारसायकल पुढे घातली, मला थांबवलं आणि रस्त्यावरच्या चार लोकांसमोर विचारलं, हँडब्रेक ओढूनच गाडी हाणून राहिलीस का? मी म्हटलं, सोडला होता. हात तर खालीच होता. तो म्हणाला, आत्ता केला असशील खाली. खेमाकाकांना विचारलं, तर त्यांचा म्हणे डोळा लागला होता.

त्या दिवसापासून मी तांड्यातली मोठी करमणूक झाले. विकासचा स्वभाव गप्पिष्ट, दुकानावर दिवसभर शेतकरी येणार, आणि गोष्ट तर खरोखर सांगण्यासारखी. आमच्या हिनं हँडब्रेक ओढून नरसी ते तांडा गाडी पळवली, गाडी काही थांबेना. नात्यातली पोरं मला हँडब्रेक काकी म्हणू लागली. यंदाच्या होळीला तर कहरच झाला. होळीला आमच्यात बायका-माणसं लेंगीची गाणी म्हणतात, त्यात एकमेकांची टिंगल असतेच. या वर्षी बायकांनी माझ्यावर कडवं जोडलं, चाकातून धूर काढणाऱ्या नर्सबाईचं. मी पण नाचले त्यावर. न नाचून सांगते कुणाला.

सुरुवातीला महिनाभर मी म्हणत राहिले की मी सोडला होता. मग म्हणायचं बंद केलं. सगळ्यात वाईट पुढे झालं. मलाच खात्री वाटेना. रात्रंदिवस इंजेक्शनं देणारी बाई मी, कुणाला काय दिलं, किती दिलं, हे मला तोंडपाठ असतं. आणि एक हात खाली केला की नाही हे मला आठवेना. आठवायला गेलं की कधी हात खाली दिसायचा, कधी वर. दुसरं लर्निंग काढलं, तरी वर्षभर मी घरच्या गाडीला हात लावला नाही. बदलीचा कागद आला नसता तर लावलाही नसता.

मंगळवारी घरी आल्यावर विकासने तोडगा काढला. ब्रेकचे लायनर जळालेत, तिसरा मिस्त्री पण तेच म्हणाला, आता एवढ्या घाईत काही होत नाही. ही तारीख सोड, पुन्हा लर्निंग काढ, दोन-तीन महिने खोली करून राहा. इतक्या सहज म्हणाला, जणू मला शेजारच्या घरी झोपायला सांगत होता. तिसरा मिस्त्री तेच म्हणाला, कारण त्याला विकासनेच फोनवर ते सांगितलं होतं. हे प्रत्येक गॅरेजवर झालं. मी गाडीची तक्रार सांगायला लागले की मिस्त्री म्हणणार, मॅडम, साहेबांना फोन लावा. मग साहेब फोनवर ती गोष्ट सांगणार, दोघं हसणार, आणि मिस्त्री फोन परत देताना माझ्याकडे बघून पुन्हा एकदा हसणार. अशा हसण्यातून कुठल्या गाडीचा आजार सापडतो?

मी माझ्याबरोबरीच्या नर्सला, करुणाला, फोन केला आणि तिच्यापाशी मनसोक्त चिडले. ती म्हणाली, माझा भाऊ रत्नपाल वारंगा फाट्यावर ट्रकचे ब्रेक करतो, त्याच्याकडे जा, आणि जाऊन फक्त गाडी दाखव, गोष्ट सांगू नको. बुधवारी विकासला सुट्टी नव्हती. खेमाकाका चालवायला तयार झाले. प्रश्न किल्लीचा होता. किल्ली सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात असते आणि खिशाला वरून पिन असते. मी मागायला गेले तेव्हा ते खाटेवर बसून ऐकत होते सगळं. त्यांनी पिन काढली, किल्ली हातात घेतली, पण दिली नाही. म्हणाले, मी पण येतो. मला वाटलं, झालं, आता पन्नास किलोमीटर हे मागे बसून नवा हँडब्रेक कसा नासला ते मोजत येणार.

सकाळी निघण्याआधी मी स्वतः पाना घेऊन तो नट ढिला केला, म्हणजे वाटेत चाक तापणार नाही. तीन मिस्त्र्यांना बघून एवढं मला आलं होतं. वाटेत सासरे एक शब्द बोलले नाहीत. खेमाकाका जागे राहिले.

रत्नपाल म्हणजे चाळिशीचा, वाळका, नाकावर चष्मा ओघळलेला माणूस. त्याच्या शेडमध्ये दोन ट्रक उभे होते आणि त्याला आमच्या छोट्या गाडीत काही रस दिसत नव्हता. त्याने हात पुसले आणि मला विचारलं, पहिल्यापासून सांगा. फोन कुणाला लावा म्हणाला नाही. करुणाने सांगू नको म्हटलं होतं तरी मी सांगितलं, आणि शेवटी सवयीने जोडलं की सगळे म्हणतात मी सोडायला विसरले.

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमी काय केलं तेवढं सांगा."

वर्षभरात हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी म्हटलं, ओढला, मग सोडला. म्हणताना माझाच आवाज बारीक झाला, त्याचा मला राग आला.

त्याने पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं जॅक लावून उचलली आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. नट पुन्हा होता तसा आवळला. मग मला आत बसवलं आणि म्हणाला, एक-एक खटका ओढा, मी सांगेन तेव्हा थांबा. मी एक खटका ओढायची आणि तो मागे एकदा उजवं, एकदा डावं चाक हाताने फिरवून बघायचा. उजवं चाक तिसऱ्या खटक्याला जड झालं आणि पाचव्याला थांबलं. डावं पाचव्याला फिरतच होतं, सातव्याला कसंबसं धरलं. दोन्ही चाकं एकाच हाताने ओढली जातात, तर दोघांचं उत्तर वेगळं का, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मग म्हणाला, सोडा. मी बटण दाबून हात खाली केला.

त्याने उजवं चाक फिरवलं, गरगर फिरलं. डाव्याला हात घातला, ते हललं नाही. सासरे शेडच्या कडेला डब्यावर बसले होते, त्यांना त्याने बोलावलं.

"बाबा, हे चाक फिरवून बघा."

सासऱ्यांनी फेटा सावरला आणि दोन्ही हातांनी चाक धरून जोर लावला. या वयातही त्यांच्या हातात बैल आवरायचं बळ आहे. चाक हललं नाही. रत्नपाल म्हणाला, आता आत बघा, हात वर आहे का खाली. सासरे खिडकीपाशी आले, वाकले, आणि त्यांनी त्या प्लास्टिकमधल्या हाताकडे पाहिलं. तो पूर्ण खाली होता आणि माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

मग चाकं निघाली, ड्रम निघाले. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर उजवीकडचे जवळजवळ नवे, नुसती धूळ बसलेली. डावीकडचे काळे, काचेसारखे गुळगुळीत, एकाला मधोमध तडा गेलेला. रत्नपालने दोन्ही बाजूंचा एकेक काढून फरशीवर शेजारी-शेजारी ठेवला. मला तेवढ्यावरून काही कळलं नाही, मी नुसती बघत राहिले.

"हँडब्रेक वढून चालवली असती, तर दोन्हीकडं जळालं असतं," तो म्हणाला. "हे एकाच अंगाला जळालंय. तुमी सोडला व्हता बाई. वायर सुटली न्हाई."

त्याने हँडब्रेकपासून डाव्या चाकाकडे जाणारी वायर ओढून काढली आणि दाखवली. बाहेरच्या नळीत ती गंजाने इतकी धरली होती की पकडीने ओढली तरी बोटभरसुद्धा सरकेना. ओढताना माणूस जोर लावतो म्हणून जाते, परत यायला तिला फक्त स्प्रिंग असते, स्प्रिंगला गंज ऐकत नाही, असं त्याने समजावलं. रोज वापरली तर वायर मोकळी राहते. मग त्याने सासऱ्यांकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं की एवढी चांगली वस्तू, तुम्ही वापरली काहून नाही? सासरे पुन्हा डब्यावर जाऊन बसले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला संताप आला. लोकांचा तर आलाच, पण त्याहून माझा स्वतःचा. चार माणसं हसली म्हणून मी माझ्याच हाताची साक्ष खोटी मानली. होळीला माझ्यावरच्या कडव्यावर नाचले. मी शेडच्या मागे जाऊन नळावर तोंड धुतलं, दोनदा, आणि परत येऊन विचारलं की वायर आज मिळेल का.

वारंग्यात मिळाली नाही. रत्नपालने नांदेडच्या दुकानात फोन केला, दुकानदाराने वायर आणि लायनर एका ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिले. ती गाडी बाराला यायची ती पावणेतीनला आली. तोवर मी फाट्यावर येणारी प्रत्येक बस उठून बघत होते. खेमाकाकांनी चार चहा घेतले. सासरे एका जागी बसून होते, चहाही घेतला नाही.

काम मात्र बघण्यासारखं होतं. तिघांनी सगळ्यात शेवटी करायचं ते आधी केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. रत्नपालने आधी दोन्ही बाजूंना लायनर बसवले, ड्रमच्या आत एक दातेरी चाक असतं ते फिरवून लायनर ड्रमला जेमतेम घासतील इतके जवळ आणले. मग मला पायाचा ब्रेक वीसदा दाबायला लावला. चाकं पुन्हा फिरवून पाहिली, दोन्हीकडे सारखीच घासतायत ना याची खात्री केली. तेवढं झाल्यावर कुठे तो नटाकडे वळला, आणि नटही अर्धा-अर्धा फेरा देत, प्रत्येक वेळी मला ओढायला आणि सोडायला लावत. पाच खटक्यांना दोन्ही चाकं एकदम थांबली. सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली. त्याने मला ते पुन्हा-पुन्हा करायला लावलं. मला तर शंभर वेळा करायचं होतं.

फाट्याजवळच्या चढावर मी गाडी नेली, गिअर काढला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि पाय काढले. गाडी उभी राहिली. खाली उतरून मी मागे गेले. चाकामागे दगड नव्हता आणि तरी गाडी उभी होती. खेमाकाका म्हणाले, आता हिला दगडाची गरज नाही. सासरे ऐकत होते.

संध्याकाळी मी ते दोन लायनर, काळा आणि नवा, विकासच्या ताटाशेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने नीट ऐकलं, काळा लायनर उलटून बघितला, असं होय, म्हणाला. मग म्हणाला, चला, काम झालं ना, उद्याची काळजी मिटली.

"तू सगळ्या गावाला सांगितलंस," मी म्हटलं. "आता हे पण सांग."

"आता कुणाकुणाला सांगत फिरू? गंमत होती ती, दिपा. जाऊ दे ना."

मी लायनर उचलून नेले. सासूबाई म्हणाल्या, जेवताना वाद नको. सासऱ्यांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

गुरुवारी विकासने सुट्टी काढली होती. सासऱ्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, लाल फेटा बांधला आणि न विचारता गाडीत बसले. हिंगोलीच्या परीक्षेच्या मैदानावर आमच्या आधी नऊ गाड्या होत्या. ऊन चढत होतं. मैदानाच्या टोकाला मातीचा भराव घालून केलेला तो चढ दिसत होता आणि माझं लक्ष त्याच्यावरच होतं. दोघंजण आमच्या डोळ्यांदेखत त्यावरून मागे घसरले. रांगेत सेनगावकडचे जळबा म्हणून एक गृहस्थ होते, त्यांच्या सुनेची परीक्षा होती. ते विकासला म्हणाले, बायांना या हँडब्रेकचंच अवघड जातं.

मी विकासकडे बघितलं. त्यानेही माझ्याकडे बघितलं, हे मी शपथेवर सांगते. पण गोष्ट त्याच्या ओठांवर आली होती आणि समोर ऐकायला नवीन माणसं होती. आमच्या हिनं काय केलं ठाऊक आहे का, अशी त्याने सुरुवात केली आणि तशीच्या तशी सांगितली, नरसीपासून धुरापर्यंत. माणसं हसली. जळबांची सून पदराआड हसली. परीक्षा घेणारे साहेब हातात कागद घेऊन दोन गाड्या पलीकडे उभे होते, त्यांच्याही कानावर गेलं आणि त्यांनी ही कोण ते बघायला मान वळवली. दहा मिनिटांनी हाच माणूस माझ्या शेजारी बसणार होता. मला वाटलं, किल्ली विकासच्या अंगावर फेकावी आणि पायी घरी जावं, मग खोली तर खोली.

सासरे गाडीच्या सावलीत उकिडवे बसले होते. ते उठले. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो, आणि बाहेरच्या लोकांत सासरे सहसा बोलतच नाहीत, मराठी तर मोजकीच. पण ते मराठीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून.

"तिनं सोडला व्हता," ते म्हणाले. "वायर गंजली व्हती, वायरनं चाक सोडलं न्हाई. मीच चार साल कुनाला हात लावू दिला न्हाई, म्हनून गंजली. कसूर माझा हाये. मी सोता चाक फिरवून पाह्यलं."

हसणं थांबलं. जळबा म्हणाले, असं व्हय. सासऱ्यांनी विकासकडे वळून आणखी एक वाक्य म्हटलं, तेही मराठीतच.

"तुला तर काल तिनं सांगितलं व्हतं."

विकासचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो चपलेने माती उकरू लागला. मी त्याच्याकडे फार वेळ बघितलं नाही, कारण माझं नाव पुकारलं गेलं. साहेब येऊन शेजारी बसले, पट्टा लावला आणि कागद मांडीवर घेतला. मघाचं त्यांनी काहीच काढलं नाही. सरळ जा, वळवा, मागे घ्या, थांबा, एवढंच बोलत होते. वळताना माझा गिअर एकदा खरखरला आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग चढ आला. अर्ध्यावर ते म्हणाले, थांबवा. मी थांबवली, गिअर काढला आणि हँडब्रेक ओढला. पाच खटके. पाय काढा, म्हणाले. मी दोन्ही पाय उचलून मागे घेतले. समोर काचेत नुसतं आभाळ होतं. गाडी हलली नाही. साहेबांनी मागे वळून बघितलं, मग कागदाकडे, मग म्हणाले, चला, न्या वर.

मी क्लच दाबला, गिअर टाकला, गाडीला थोडी ओढ दिली, बटण दाबलं आणि हात खाली सोडला. गाडी वर निघाली. सोडला की नाही, हे मी खाली वाकून बघितलं नाही. सोडला होता, मला ठाऊक होतं.